बॉक्स्टरचं इंजिन बसलं तेव्हा: फोंड्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पोर्श बॉक्स्टर, ९८६ पिढीची, २.७ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल. बांधणी २००४ची, नोंदणी जानेवारी २००५ची. मालक फोंडा तालुक्यातले एक डॉक्टर. पन्नाशी ओलांडलेली, स्वतःचा दवाखाना, मुलगा पुण्यात शिकायला. त्यांनी ही गाडी २०१७ मध्ये घेतली, ते तिचे तिसरे मालक. नाव आणि गाव देत नाही, रंगही देत नाही. गोव्यात अशा गाड्या इतक्या थोड्या आहेत की रंग सांगितला तर मालक सांगितल्यासारखंच होईल.

मी मोटार विम्याचा सर्वेक्षक. डॉक्टरांचा पहिला फोन आला तो क्लेम मिळेल का, एवढंच विचारायला. मिळणार नव्हता. आपल्याकडच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज मुळातच वगळलेली असते, आणि इंजिनासाठीचं जादा संरक्षण इतक्या जुन्या गाडीला कोणी देत नाही. माझं काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण "मग आता करू काय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न विम्याचा नव्हता, आणि मला तो सोडवत बसायला आवडतो.

गाडीची रचना थोडी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बॉक्स्टरचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन सीटांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटात असतं. बॉनेट उघडून ते दिसत नाही. मागच्या डिकीतून फक्त ऑईल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) भरता येतं. रेडिएटर मात्र थेट पुढे, बंपरच्या दोन कोपऱ्यांत. कूलंट गाडीखालच्या लांब पाइपांतून पुढे जाऊन परत येतं. बंपरच्या जाळीतून आत गेलेला पालापाचोळा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत अडकतो आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही. ही गाडी पावसाळ्यात घराशेजारच्या शेडमध्ये उभी असायची. शेडवर आंब्याचं झाड. चवथीला ती बाहेर निघायची आणि मे महिन्यापर्यंत रविवारची गाडी म्हणून फिरायची.

काय घडलं

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. गाडीची पूजा झाली, बंपरला झेंडूची माळ लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि त्यांची पत्नी बेळगावला निघाले, साखळी, केरी आणि मग चोर्ला घाट. केरीच्या पुढे चढ सुरू झाल्यावर काही वेळाने तापमानाचा दिवा लागला. काट्याने त्याआधी काही सांगितलं नव्हतं. या गाडीचा काटा नेहमीच्या जागी बराच वेळ शांत बसतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

डॉक्टरांनी गाडी थांबवली नाही. त्यांचं कारण ऐकायला वेडगळ वाटत नाही: वळणावर जागा नव्हती, मागे ट्रक होता, मोबाईलला रेंज नव्हती, आणि वर सपाटीला पोचलं की थांबू असा विचार. एसी बंद केला. तीनएक किलोमीटर गेल्यावर मागून गोडसर वास आला, मग वाफ, मग खालून खडखड, आणि इंजिनाची ताकद गेली. गाडी एका रुंद वळणावर उभी राहिली. या सगळ्या प्रकरणातला सर्वात महाग निर्णय न थांबण्याचा होता, आणि तो दुसऱ्या गिअरमध्ये घेतला गेला.

संध्याकाळी फ्लॅटबेड ट्रकवरून गाडी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका गॅरेजमध्ये आली. गॅरेजवाले मेस्त बरीच वर्षं दुबईत जर्मन गाड्यांवर काम करून परत आलेले. कमी बोलणारे.

सगळ्यांना आधीच माहीत असलेलं उत्तर

गाडी गॅरेजमध्ये पोचायच्या आतच निदान झालेलं होतं. डॉक्टरांच्या मुलाने पुण्याहून सांगितलं, मित्रांनी सांगितलं, मुंबईच्या एका ओळखीच्या दलालानेही सांगितलं: "आयएमएस गेलं."

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट. एम९६ नावाच्या या इंजिनात क्रँककडून (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) साखळीने फिरणारा हा मधला शाफ्ट पुढे कॅमशाफ्टना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूच्या, टोकाला एक बंद बॉल बेअरिंग असतं. ते गेलं की टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनात धातूचा चुरा होतो. हा दोष खरा आहे. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या दाव्यातून पुढे आलेले आकडे असे की एकेरी (गोळ्यांची एकच रांग असलेल्या) बेअरिंगच्या गाड्यांत सुमारे ८ टक्के बिघाड, आधीच्या दुहेरी बेअरिंगच्या गाड्यांत सुमारे १ टक्का.

म्हणजे एकेरी बेअरिंगच्या शंभरातल्या साधारण ९२ गाड्यांना हा त्रास झालेला नाही. पण प्रसिद्ध रोगाचं असं होतं की पुढचा प्रत्येक रोगी त्याचाच ठरतो. डॉक्टरांना हे मी वेगळं सांगायची गरज नव्हती. तरी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तेही दोन दिवस तेच धरून बसले होते.

त्या दोन दिवसांत दलालाने भाव सांगितला: जशी आहे तशी चार लाख. "बेअरिंगची केस आहे, इंजिन भंगार समजा." डॉक्टर जवळजवळ तयार झाले होते. त्यांना थांबवलं ते मी नव्हे, मेस्तांनी. त्यांचं म्हणणं एका ओळीत होतं: "दोतोर, पयलीं उगडून पळोवया, मागीर पयशांचें उलोवया." आधी उघडून बघू, मग पैशांचं बोलू.

पहिला टप्पा: इंजिन न उतरवता काय कळतं

आम्ही ठरवलं की पहिल्या तपासणीला पंचवीस हजारांची मर्यादा, आणि ती होईपर्यंत विकायची भाषा नाही.

ऑईल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं. म्हणजे कूलंट ऑईलमध्ये मिसळलेलं. ही एकच गोष्ट आयएमएसच्या तर्काला मोठा धक्का देणारी होती, कारण त्या बेअरिंगचा कूलंटशी संबंध नाही. ऑईल फिल्टर कापून त्याचा कागद पसरला. त्यात करडे, चमकणारे कण होते. लोहचुंबक फिरवला, बहुतेक कण चिकटले नाहीत. बॉल बेअरिंग फुटलं असतं तर पोलादाचे कण चिकटले असते. हे कण मऊ धातूचे होते, क्रँक किंवा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी) यांच्या बेअरिंग शेलचे, म्हणजे आतल्या पातळ अस्तराचे, असावेत असा मेस्तांचा अंदाज.

कूलंट ऑईलमध्ये तीन वाटांनी जाऊ शकतो. इंजिनाच्या वर ऑईल कूलर बसवलेला असतो, त्यात ऑईल आणि कूलंट शेजारून वाहतात. तो आतून फुटला तर दोन्ही मिसळतात. ही सर्वात स्वस्त वाट, आणि आम्ही तिच्यावरच आशा ठेवून होतो. दुसरी, हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) तडा किंवा त्याखालचं गॅस्केट फुटणं. तिसरी, खुद्द ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाला, तडा. ती असती तर पुढे लिहायला फारसं काही उरलं नसतं. कूलर काढून वेगळा दाबाखाली पाण्यात बुडवला. एक बुडबुडा नाही. मग सिलिंडरांत हवा भरून पाहिली. पाच सिलिंडर ठीक, पाचव्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये हवा भरताच डिकीतल्या कूलंटच्या टाकीत बुडबुडे. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला. त्या सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या बारीक रेषा दिसल्या, बाकीचे स्वच्छ.

पुढचा बंपर काढला तेव्हा कारणही सापडलं. दोन्ही रेडिएटरांपुढे आंब्याच्या पानांचा, मातीचा आणि धुळीचा दाबून बसलेला थर होता, हाताने सोलून काढावा लागला असा. वॉटर पंप उघडला तर त्याच्या प्लॅस्टिकच्या चक्राची दोन पाती गायब. म्हणजे हवाही येत नव्हती आणि पाणीही नीट फिरत नव्हतं. सपाट रस्त्यावर रविवारच्या गतीने चालवताना हे चालून गेलं असेल. घाटाने हिशेब मागितला.

ही तपासणी मर्यादेच्या आत झाली. तिचा एक अनपेक्षित फायदा असा की त्याच दलालाला कॅमेऱ्याचे फोटो आणि हवेच्या चाचणीचे आकडे पाठवले तेव्हा चाराचे साडेपाच झाले. गाडी तीच, फक्त तिच्या आत काय आहे ते आता माहीत होतं. जुन्या गाडीच्या मालकांना हे मी आवर्जून सांगतो: विकायचं ठरलेलं असलं तरी आधी तपासणी करून घ्या. न बघितलेल्या इंजिनाची किंमत समोरचा नेहमी सर्वात वाईट शक्यता धरून लावतो.

पर्याय

त्या वेळी चालू स्थितीतल्या अशा गाडीची किंमत आम्ही चौकशी करून पंधरा ते सतरा लाख धरली. जशी आहे तशी साडेपाच. मधला फरक सुमारे साडेदहा लाख. दुरुस्ती कागदावर परवडायची असेल तर खर्च याच्या बराच आत राहायला हवा, कारण इंजिन खोललेल्या गाडीला गिऱ्हाईक पूर्ण भाव देत नाही आणि जुन्या इंजिनात काहीतरी अचानक निघतंच. मी आठ लाखांची रेषा सुचवली.

पहिला पर्याय परदेशातून वापरलेलं इंजिन आणण्याचा. ऐकायला सगळ्यात सोपा. प्रत्यक्षात वापरलेल्या सुट्या मालाच्या आयातीला विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते, त्यावर शुल्क आणि वाहतूक, आणि हातात येणार ते दुसऱ्या कोणाचं वीस वर्षांचं इंजिन, आतल्या त्याच बेअरिंगसकट. शिवाय इंजिन क्रमांक बदलतो. तो आरसीवर चढवण्यासाठी कागदपत्रं, तपासणी आणि वेळ. खर्च नऊ ते अकरा लाखांच्या घरात जाणारा दिसला.

दुसरा पर्याय पूर्ण नूतनीकरणाचा. बाहेरच्या राज्यातल्या एका नामांकित कारागिराने बारा ते चौदा लाख सांगितले. काम उत्तम झालं असतं, पण गाडीच्या किमतीएवढं इंजिन झालं असतं.

तिसरा पर्याय इथेच, फक्त बिघडलेलं दुरुस्त करण्याचा. अंदाज साडेसहा ते साडेसात, पण दोन अटींवर: सिलिंडरच्या भिंती वापरण्याजोग्या असाव्यात आणि क्रँक ग्राइंड करावा (घासून लहान मापाचा करावा) लागू नये.

डॉक्टरांच्या एका मित्राने जपानी इंजिन बसवायचा सल्ला दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. तो विषय दोन मिनिटांत संपला. भंगारात द्यायचा विषय तर त्याहून लवकर. साधारण पावणेतेराशे किलोच्या गाडीला वजनावर काय मिळणार?

उरलं, विकणं. डॉक्टरांच्या पत्नी त्याच्या बाजूने होत्या. "अहो, साडेपाच आले तर आले म्हणा. गेली ती गाडी," असं त्या स्पष्ट म्हणाल्या, आणि आकड्यांच्या दृष्टीने त्यांचं चूक नव्हतं.

आरटीओची घडी

एक अडचण आधी कोणाच्या डोक्यात नव्हती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या गाडीची पहिली पंधरा वर्षं जानेवारी २०२० मध्ये संपली होती आणि पुढची पाच जानेवारी २०२५ मध्ये संपणार होती. नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते, आणि अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासूनच करता येतो. ऑक्टोबरमध्ये इंजिन बसल्यामुळे ती संधी गेली. गाडी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बिघडली असती तर कदाचित आधीच पास झालेली असती.

मुदतीनंतरचा दंड मोठा नाही, अशा गाडीला महिन्याला ५०० रुपये. खरा त्रास वेगळा: नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर ट्रायलला काढता येत नाही. नूतनीकरणाचं शुल्क आयात केलेल्या चारचाकीला तेव्हा ४०,००० रुपये होतं. हे दोन्ही आकडे आम्ही हिशेबात धरले.

आणि इथे तिसऱ्या पर्यायाला एक गुण मिळाला जो मेकॅनिकच्या वहीत येत नाही. स्वतःचाच ब्लॉक वापरला तर इंजिन क्रमांक बदलत नाही. कागदांच्या दृष्टीने गाडीला काही झालेलंच नसतं.

डॉक्टरांनी तिसरा पर्याय घेतला, आठ लाखांची रेषा मान्य केली, आणि माझ्या आग्रहावरून एका कागदावर लिहून दिलं की कुठल्या टप्प्यावर काय सापडलं तर काम थांबवायचं. ब्लॉकला तडा: थांबा. क्रँक ग्राइंड करावा लागला: थांबा. नखाला लागेल एवढा ओरखडा भिंतीवर असला: थांबा आणि पुन्हा बोला. मेस्तांनी तो कागद गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला.

इंजिन खोलल्यावर

बॉक्स्टरचं इंजिन गिअरबॉक्ससकट खालून उतरतं. ते टेबलावर आल्यावर पहिली चांगली बातमी: ब्लॉक शाबूत. पाचव्या सिलिंडरच्या बाजूच्या हेडला व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडा. दुसऱ्या बाजूचं हेड ठीक, पण किंचित वाकलेलं.

सिलिंडरच्या भिंतीचा प्रश्न नाजूक होता आणि इथे खरी खडाजंगी झाली. डॉक्टरांच्या ओळखीतून बेळगावच्या उद्यमबागेतले एक अनुभवी मशीनिस्ट येऊन गेले. त्यांनी रेषा बघितल्या आणि सहाही सिलिंडर बोअर करून (आतून कोरून मोठे करून) ओतीव लोखंडाचे लायनर, म्हणजे नव्या आतल्या नळ्या, घालून द्यायची तयारी दाखवली, तीही फार कमी पैशांत. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जुन्या जीपच्या इंजिनांवर त्यांनी हे काम कैक वेळा केलेलं. माणूस हुशार आणि प्रामाणिक, यात शंका नाही.

पण या ब्लॉकची भिंत ओतीव लोखंडाची नसते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये सिलिकॉनयुक्त थर ओतलेला असतो, आणि त्या कठीण सिलिकॉनच्या कणांवर लोखंडी लेप दिलेला पिस्टन फिरतो. नेहमीच्या पद्धतीने बोअर केलं की तो थरच जातो. लोखंडी लायनर ॲल्युमिनियमपेक्षा कमी प्रसरण पावतो, पिस्टनची फट बदलते, आणि दोन सिलिंडरांमधली आधीच बारीक असलेली भिंत आणखी पातळ होते. परदेशात यावर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेले खास लायनर बसवतात. तो खर्च दुसऱ्या पर्यायाकडे नेणारा होता. मेस्त ठामपणे नाही म्हणाले. मशीनिस्ट थोडे दुखावून गेले. स्वस्त उपाय नाकारणं डॉक्टरांना जड गेलं, हे मला दिसत होतं. पण या इंजिनात तो उपाय झाला असता तर परतीची वाट राहिली नसती, आणि अजून त्या रेषा नीट मोजल्याही नव्हत्या.

मोजल्यावर त्या वरवरच्या निघाल्या. नख फिरवलं तर अडकत नव्हतं, व्यास मापात. भिंत तशीच ठेवायची, पिस्टनच्या रिंगा नव्या घालायच्या असं ठरलं. हा निर्णय बरोबर होता का, ते दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर कळेल. तोवर तो मुद्दा उघडाच आहे.

दुसरा निर्णय

ब्लॉकचे दोन अर्धे वेगळे केल्यावर फिल्टरमधल्या करड्या कणांचा उगम सापडला. कूलंट मिसळलेल्या ऑईलने दोन कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग शेलचा थर खाल्ला होता. क्रँकचे गोल (ज्यांवर हे शेल बसतात ते भाग) बघायला आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो म्हटलं तरी चालेल. गोल मापात होते, नुसती पॉलिश पुरेशी होती. ग्राइंड करावं लागलं असतं तर कमी मापाचे शेल सहजी मिळत नाहीत आणि भिंतीवरचा कागद लागू झाला असता.

पण आता यादी वाढली. सगळे बेअरिंग शेल, एकदाच वापरता येणारे बोल्ट, साखळ्यांचे झिजलेले मार्गदर्शक, आणि पंपाच्या तुटलेल्या पात्यांचे तुकडे शोधण्यासाठी कूलंटचे सगळे मार्ग साफ करणं. आयएमएसचं बेअरिंग चांगल्या स्थितीत होतं, तरी इंजिन खोललेलं असताना ते न बदलणं वेडेपणा झाला असता. सिरॅमिक बॉलचं बसवलं. एका बाजूच्या पिस्टनच्या पिना ब्लॉकच्या छिद्रातून एका खास हत्याराने घालाव्या लागतात. ते हत्यार आणि टायमिंगचं सेट मिळून किंमत बरीच झाली. निम्मे पैसे मेस्तांनी घातले, हत्यारं त्यांच्याकडे राहतील या बोलीवर. नवा अंदाज सव्वानऊ लाख. आठची रेषा मागे पडत होती.

अशा क्षणी माणसं बहुतेक वेळा निर्णय घेतच नाहीत. "आता एवढे घातलेच आहेत" म्हणतात आणि पुढे जातात. तोवर खर्च झाला होता सुमारे पावणेतीन लाख. खोललेलं इंजिन आणि गाडी मिळून विकली असती तर फार तर पाच मिळाले असते. म्हणजे पुढचा प्रश्न असा मांडायला हवा होता: आणखी साडेसहा लाख घालून पंधरा लाखांची गाडी हवी, की आज पाच लाख हवेत? गेलेले पावणेतीन दोन्हीकडे गेलेलेच. मी हे असं कागदावर लिहून दाखवलं. या मांडणीत दुरुस्ती अजूनही सुमारे साडेतीन लाखांनी जिंकत होती.

निर्णय मात्र डॉक्टरांच्या पत्नीच्या बोलण्याने झाला. त्या म्हणाल्या, "गाडी विकून हे पैसे परत येणार आहेत असं समजून घालणार असाल तर घालू नका. येणार नाहीत असं धरून घालायचे असतील तर घाला, मी काही म्हणणार नाही." डॉक्टर रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी हो म्हणाले, आणि नवी रेषा दहावर आखली. माझ्या दृष्टीने हे रेषा मोडणं नव्हतं. रेषेपाशी थांबून पुन्हा विचार झाला, त्यासाठीच ती होती.

जोडणी आणि निकाल

तडा गेलेलं हेड पुण्यात वेल्ड करून, गरम पाण्यात दाबाखाली तपासून आणलं. पहिल्या वेल्डला ते गळलं, पुन्हा करावं लागलं. त्यात बराच वेळ गेला. नवं हेड मागवलं असतं तर सुमारे तीन लाख वाढले असते. दुसऱ्या हेडला फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट केला. दोन्ही रेडिएटर आणि थर्मोस्टॅट नवे, पंपही अर्थातच नवा. कूलंट भरताना लांब पाइपांत हवा अडकू नये म्हणून व्हॅक्यूमने भरला.

जून २०२५ मध्ये इंजिन सुरू झालं. पाऊस जोरात होता आणि नोंदणी संपलेली, त्यामुळे ट्रायल एका ओळखीच्याच्या कारखान्याच्या आवारात. गोल फेऱ्या, थंड करणं, ऑईल काढून फिल्टर कापणं, पुन्हा भरणं. जुलैत गाडी फ्लॅटबेडवरून आरटीओत गेली. विमा आणि पीयूसी झालेलं, इंजिन क्रमांक जुळला, नूतनीकरण झालं. शुल्क ४०,००० आणि उशिराचा दंड. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क वाढवलं. आयात चारचाकीला ते ८०,००० झालं. हेड दुसऱ्यांदा गळलं असतं तर तेही भरावे लागले असते. याचं श्रेय कोणाच्याच हुशारीला देता येत नाही.

एकूण खर्च नऊ लाख चाळीस हजारांच्या आसपास, नूतनीकरण वेगळं. गाडी आज विकायला काढली तर चौदा-पंधरा मिळावेत असं मला वाटतं. बिलं आणि फोटो नीट लावून ठेवले आहेत म्हणून. न दुरुस्त करता विकण्याच्या तुलनेत हिशेब जवळजवळ बरोबरीत.

काय वेगळं करता आलं असतं

घाटातला दिवा सोडला तर सर्वात मोठी संधी २०२२ मध्ये गेली होती. तेव्हा क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरला होता. त्याच वेळी आयएमएसचं बेअरिंग बदलता आलं असतं, आणि वॉटर पंपही. अठरा वर्षांचं प्लॅस्टिकचं चक्र गाडी कमी चालली म्हणून तरुण राहत नाही. त्या वेळच्या बिलात तेव्हा तीस-चाळीस हजारांची भर पडली असती. कोणी सुचवलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

पानं तर फुकटात निघाली असती. पाऊस संपल्यावर बंपर सोडवून दोन्ही फटी साफ करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. गोव्यात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या अशा प्रत्येक गाडीला ते दरवर्षी हवं. या गाडीत ओबीडीच्या सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाला जोडायची जागा) छोटं यंत्र लावून कूलंटचं खरं तापमान फोनवर आकड्यात दिसू शकतं. आता तसं लावलं आहे. चोर्ल्याच्या पायथ्याशी ते असतं तर काट्याच्या आधी समजलं असतं.

आणि समजा समजलं नसतं, दिवा लागला असता, वळणावर जागा नसती, मागे ट्रक असता? तर धोक्याचे दिवे लावून रस्त्याच्या कडेला तिथेच थांबायचं होतं. ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला असता. तेव्हा कदाचित फक्त पंप आणि रेडिएटरचा खर्च आला असता.

मला स्वतःला एका गोष्टीचा पुनर्विचार करावासा वाटतो, तो आठ लाखांच्या रेषेचा. ती मी फक्त पैशांवरून आखली. सुरुवातीलाच पत्नीचा प्रश्न विचारला असता, हे पैसे परत येणार नाहीत असं धरून किती घालाल, तर आकडा वेगळा आला असता. कदाचित पाच. मग गाडी पहिल्या तपासणीनंतरच साडेपाचला विकली गेली असती आणि तेही चूक ठरलं नसतं.

गाडी सध्या रविवारी फिरते. मागच्या ऑईल सीलजवळ किंचित ओल दिसते आहे, मेस्त म्हणतात बघत राहू. डॉक्टरांनी शेड झाडापासून लांब हलवली आहे. विकायची की ठेवायची यावर घरात अजून एकमत झालेलं नाही, आणि पुढचं नूतनीकरण २०३० मध्ये आहे.